डोया आणि डोळा

वाचकहो, शनिवारी जामसांवलीस जाऊन मारुतीरायाचे दर्शन घ्यावयाचे, हा आमचा पुष्कळ वर्षांचा परिपाठ आहे. इतरत्र मारुती हात जोडून उभा असतो, अथवा द्रोणागिरी तळहातावर घेऊन उड्डाण करीत असतो. आमच्या जामसांवलीस तो पिंपळाखाली निवांत पहुडलेला आहे. पूर्वी शनिवार-मंगळवार सोडल्यास येथे पिंपळाच्या पानांची सळसळ ऐकू येई. आता 'हनुमान लोक' या नावाने परिसराचा मोठा विस्तार होऊ घातला आहे, नागपूर आणि छिंदवाडा या दोन्ही बाजूंनी गाड्यांच्या रांगा लागतात, आणि भक्ताच्या एका हातात नारळ असतो तर दुसऱ्या हातात मोबाईल. दर्शन आधी की चित्रण आधी, असा प्रश्न पडावा, अशी स्थिती आहे.

अशाच एका शनिवारी, मंदिराबाहेरील गर्दीपासून थोडे दूर, एक तरुण मोबाईल काठीला अडकवून उभा असलेला आम्हांस दिसला. त्याच्यासमोर नऊवारीतली एक वृद्धा बसून काही सांगत होती. आम्ही मान फिरवून पुढे निघालो. मोबाईलवरील चलच्चित्रांविषयी आमचे मत तोवर फारसे बरे नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे. इतक्यात तो तरुण धावत आला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, वयखलं का मले?"

'वयखलं' म्हणजे ओळखलं. आम्ही त्यास ओळखले. आणि ओळखताच जे आठवले, ते सुखद नव्हते.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हा मुलगा त्या वेळी आठवीत होता. २७ फेब्रुवारीस शाळेत मराठीतून भाषणांचा कार्यक्रम आम्ही ठेवला होता. याने विषय निवडला होता पांढुर्ण्याच्या गोटमारीचा. वाचकांपैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरचे लोक एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. दरवर्षी माणसे जखमी होतात, काही प्रसंगी प्राणही गेले आहेत. मुलगा उभा राहिला, चार वाक्ये नीट बोलला, आणि मग म्हणाला, "त्या गोटमारीत माह्या काकाचा डोया गेला."

आम्ही तत्काळ म्हणालो, "डोया नव्हे, डोळा. 'ळ' म्हण, 'ळ'!"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. मुलाने 'डोळा' म्हणण्याचा प्रयत्न केला, तो जमला नाही, आणि तो खाली बसला. त्यानंतर शाळा सोडीपर्यंत तो कोणत्याही कार्यक्रमात बोलावयास उठला नाही. त्याच्या काकांचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे आम्हांस सुचलेही नाही. उच्चार सुधारणे हे आमचे कर्तव्य होते आणि ते आम्ही केले, या समाधानात आम्ही होतो.

आमच्या भागातील मराठीचा थोडा इतिहास येथे सांगितला पाहिजे, म्हणजे आमचा तो आग्रह कोठून आला, हे वाचकांच्या ध्यानी येईल. १९५६ सालापर्यंत सौंसर-पांढुर्ण्याचा हा मुलूख जुन्या मध्यप्रांतात होता आणि नागपूर ही आमची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली; नागपूर-विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यासह आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. (५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे.) घरात मराठी, कचेरीत हिंदी, हे आमचे तेव्हापासूनचे जीवन. त्यातही घरातली मराठी ती पुस्तकातली नव्हे. ती वऱ्हाडी-नागपुरी वळणाची. तीत डोळ्याचा डोया होतो, कोळशाचा कोयसा होतो, केळ्याचे केय होते. हिंदीच्या रोजच्या लेखनात 'ळ' नाही, आणि आमच्या घरच्या बोलीतही तो टिकत नाही. तेव्हा 'ळ' हे आम्हां मराठी शिक्षकांच्या दृष्टीने केवळ एक अक्षर नव्हते. पुण्या-मुंबईच्या मराठीशी आमचे नाते सांगणारा तो दाखला होता. तो हातचा जाऊ नये म्हणून आम्ही तीस वर्षे झटलो. परंतु त्या झटण्यात मुलांच्या आयांची भाषा अशुद्ध ठरत होती, हे आमच्या लक्षात आले नाही.

करमणुकीच्या साधनांनीही तेच केले. १९४८ साली नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले. राज्याची सीमा आकाशातून जात नाही, त्यामुळे त्याचा आवाज पुनर्रचनेनंतरही आमच्या ओट्यांवर येत राहिला आणि आम्हांस मराठी राखता आली. पुढे दूरदर्शन आले. १९८४ साली 'हम लोग' आणि १९८७ साली 'रामायण' पाहण्यासाठी आमच्या गावांतील लोक ज्याच्या घरी संच असेल त्याच्या अंगणात जमत. ती करमणूक हिंदी होती. १९९९ साली अल्फा टीव्ही मराठी ही वाहिनी आली, तिचेच पुढे झी मराठी झाले. तेव्हा मराठी घरात परतली खरी. पण मालिकांतील सासू-सुनांची ती मराठी आमच्या सुनांच्या तोंडी नव्हती. खडी गंमत, दंडार, खंजिरीवरची राष्ट्रसंतांची भजने यांत जी बोली मोकळेपणाने नांदत असे, ती पडद्यावर आली तर बहुधा नोकराच्या अथवा गावंढळाच्या तोंडी येई. २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या' या कार्यक्रमात भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी घराघरांत पोहोचविली, याचा आम्हांस आनंद झाला. तरीही ती हसविण्यासाठीच आली होती.

मग २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली. इंटरनेट एकाएकी इतके स्वस्त झाले की संत्र्याच्या बागेत ओलित करणाऱ्या गड्याच्या हातीही चलच्चित्रे आली. यूट्यूब २००५ पासून होते. परंतु आमच्या भागात ते खऱ्या अर्थाने पोहोचले ते तेव्हा. आणि या साधनात एक गोष्ट नवी होती. आजवर आम्ही केवळ पाहणारे होतो. आता ज्याच्यापाशी मोबाईल, त्यास दाखविताही येऊ लागले. त्यासाठी मुंबईस जावे लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही, आणि 'ळ' तर मुळीच लागत नाही.

महाराष्ट्रात या गोष्टीने काय घडविले, ते वाचकांना ठाऊक असेलच. मधुरा बाचल यांनी २००९ साली परदेशात असताना इंग्रजीतून पाककृती दाखविण्यास आरंभ केला आणि पुढे त्या मराठीकडे वळल्या. आज दूरदेशीच्या कित्येक मराठी सुना त्यांच्याकडून पुरणपोळी शिकतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार गावच्या सुमन धामणे या शाळेत न गेलेल्या आजींनी नातवाच्या साहाय्याने 'आपली आजी' या नावाने स्वयंपाक दाखविला आणि सत्तरीत त्या घरोघरी माहीत झाल्या. तेलंगणात लंबाडिपल्ली गावातील गंगव्वा या शेतकरी वृद्धा 'माय व्हिलेज शो'मुळे अशाच सर्वतोमुखी झाल्या. यांपैकी कोणीही ग्रंथातील भाषा बोलत नाही. लोक ऐकतात ते त्या घरचे बोलतात म्हणून.

हे आपल्याकडेच घडले असे मात्र नाही. आमच्या परिचयातील एका गृहस्थांचे चिरंजीव नोकरीनिमित्त इंडोनेशियात, पूर्व जावामधील सुराबाया येथे असतात. गेल्या दिवाळीत ते आले असता त्यांनी तिकडील हकीकत सांगितली, ती ऐकून आम्हांस आपल्याच घराची खिडकी उघडल्यासारखे वाटले. सतरा हजारांहून अधिक बेटांच्या त्या देशात सातशेवर भाषा बोलल्या जातात. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी तेथील तरुणांनी एक देश, एक राष्ट्र आणि राष्ट्राची एक भाषा अशी शपथ घेतली, आणि मलय भाषेवरून घडलेली इंडोनेशियन भाषा पुढे शाळेची, कचेरीची व दूरचित्रवाणीची भाषा झाली. त्यामुळे देश जोडला गेला. परंतु कोट्यवधी लोकांच्या घरात बोलली जाणारी जावानीज भाषा मात्र घरापुरती उरू लागली. आमच्या स्थितीशी हे किती जुळते, ते सांगावयास नको.

तेथेही मोबाईल आणि यूट्यूब आले. करमणुकीची आवड तर आपल्यासारखीच! २०११ साली सुलावेसी बेटावरील गोरोंतालो येथील नॉर्मन कामारू नावाच्या पोलीस शिपायाने 'दिल से' या हिंदी चित्रपटातील गाण्यावर गणवेशातच ओठ हलवून हावभाव केले. ते चित्रण देशभर पसरले आणि तो एका रात्रीत प्रसिद्ध झाला. पुढे पोलीस खात्यातील नोकरी मात्र गेली. २०१४ साली आपल्याकडील 'महाभारत' ही हिंदी मालिका तेथील वाहिनीवर अतिशय लोकप्रिय झाली. वायांग या छायाबाहुल्यांच्या खेळातून अर्जुन आणि भीम तेथे शतकानुशतके घरचेच आहेत, म्हणून त्यांना ती परकी वाटली नाही.

परंतु आम्हांस अधिक महत्त्वाच्या वाटल्या त्या दुसऱ्या दोन गोष्टी. मलांग येथील बायू स्काक हा तरुण यूट्यूबवर आपल्या जावानीज बोलीतून विनोदी चित्रणे करीत असे. त्यातून नाव झाल्यावर २०१८ साली त्याने 'योविस बेन' हा चित्रपट केला. या नावाचा अर्थ 'असू दे, चालायचेच' अशासारखा होतो. त्यातील बहुतेक संवाद राष्ट्रभाषेत नव्हेत, तर जावानीजमध्ये होते, आणि तरीही तो चालला. दुसरी गोष्ट दीदी केंपोट या गायकाची. हा गृहस्थ आयुष्यभर जावानीजमधून विरहाची गाणी गात आला. पन्नाशी उलटल्यावर, २०१९ साली, इंटरनेटमुळे शहरांतील तरुणांनी त्यास नव्याने शोधून काढले आणि त्याच्या कार्यक्रमांत मुले रडू लागली. ५ मे २०२० रोजी तो निवर्तला. वाचकहो, या गायकावर आधीपासून प्रेम करणाऱ्यांत दक्षिण अमेरिकेतील सुरीनामचे जावानीज लोकही होते. डच मळेवाल्यांनी १८९० सालापासून त्यांचे पूर्वज मजूर म्हणून तिकडे नेले होते. मायदेशापासून इतक्या दूर असलेल्या घरांनी घरची भाषा उराशी धरून ठेवली होती. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस त्या घरांचे मन सांगावयास नको.

आता आमच्या विद्यार्थ्याकडे वळतो. त्या शनिवारी घरी आल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी त्याची चित्रणे शोधून काढली आणि आम्ही उभयता ती पाहत बसलो. पुष्कळशी विनोदी होती. आजी नातवास रागावते, नातू उलट बोलतो, आजी उलथणे उगारते. ती हजारो लोकांनी पाहिलेली दिसली. एक चित्रण संत्र्यावरील कोळशीविषयी होते. काळी माशी पानांतील रस शोषते, तिच्या अंगातून चिकट द्रव पाझरतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि झाड काजळी फासल्यासारखे दिसते. नवतीच्या वेळी लक्ष न ठेवल्यास आंबिया बहार हातचा जातो, हे त्याने इतके नीट सांगितले होते की कृषी अधिकाऱ्याने मान डोलवावी. मात्र सर्वत्र उच्चार 'कोयशी'! ते पाहणारे मोजके होते. पुढे त्याने आम्हांस सांगितले की, ते पाहून वरूडकडील एका शेतकऱ्याने त्यास फोन केला आणि अर्धा तास बोलला. "त्यानं बी कोयशीच म्हटलं, गुरुजी." १९५६ साली आखलेली सीमा त्या एका शब्दाने ओलांडली होती.

शेवटी एक चित्रण लागले. त्यात हसण्यासारखे काही नव्हते. आजी भिंतीला टेकून बसली होती आणि आपल्या धाकट्या लेकाची गोष्ट सांगत होती. पोळ्याच्या पाडव्याचा दिवस, सकाळी त्याने खाल्लेली भाकर, तिने घातलेली शपथ, त्याचे न ऐकणे, आणि दुपारी चौघांनी उचलून आणलेला लेक. "पोट्ट्याचा डोया गेला," ती म्हणाली आणि थांबली. आमच्या सौभाग्यवतींनी डोळ्यांस पदर लावला. आम्ही मात्र त्या शब्दापाशीच अडकलो. हाच शब्द वीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गात उच्चारला गेला होता, आणि आम्ही त्यातील अक्षर ऐकले होते, दुःख ऐकले नव्हते.

गोटमारीच्या दिवशी देशभरचे कॅमेरे पांढुर्ण्यास येतात. दगड दिसतात, रक्त दिसते, जखमींची संख्या सांगितली जाते आणि दुसऱ्या दिवशी सारे विसरले जाते. ज्या घरात तो दगड जाऊन पडतो, त्या घराची भाषा आम्ही प्रथम ऐकली ती या मुलाच्या मोबाईलवर.

याचा अर्थ जे जे पडद्यावर येते ते चांगलेच, असे आम्ही म्हणत नाही. संध्याकाळी एका घरात पाच माणसे पाच मोबाईलांत मान घालून बसतात, हे आम्ही रोज पाहतो. मुलांचे वाचन आटले आहे. बोलीतून केलेला विनोद हजारो पाहतात आणि बोलीतून सांगितलेली शेतीची गोष्ट मोजके, हेही आम्ही वर लिहिले आहे. बोली पुन्हा विदूषकाच्याच अंगरख्यात अडकण्याचा धोका आहे. शिवाय या पडद्याचा भरवसा तरी किती? २०२० साली सुमनआजींची वाहिनीच कोणी चोरांनी बळकावली होती; ती काही दिवसांनी परत मिळाली म्हणून बरे. ज्याची किल्ली आपल्यापाशी नाही, अशा कोठारात ठेवलेले धान्य आपले म्हणता येत नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही मुद्दाम त्यास भेटलो आणि जे वीस वर्षांपूर्वी विचारावयाचे होते ते विचारले. "काका कसे आहेत?"

"काका गेले, गुरुजी. चार वर्सं झाले," तो म्हणाला. आणि मग, जणू काही घडलेच नव्हते अशा सहजतेने, "तुमी बी बोला ना एकडाव. जामसांवलीचं काई सांगा. आपल्या बोलीत."

आम्ही पिंपळाकडे पाठ करून उभे राहिलो. लहानपणी आईचे बोट धरून येथे येत असू, ते सांगावे असे ठरविले. परंतु तोंडून बाहेर पडली ती ग्रंथांची भाषा. 'माझ्या मातोश्री मला येथे घेऊन येत असत.' मुलगा संकोचून म्हणाला, "असं नाई, गुरुजी. माय कशी बोले, तसं." आम्ही पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. ज्या भाषेत आईने आम्हांस झोपविले, उठविले, रागे भरले, ती भाषा आमच्या जिभेवरून गेली होती. आमची आई तिच्या हयातीत एकदाही कोणत्या यंत्रात बोलली नाही. तिचा आवाज कोठेही नाही. तो राहिला असता तर आमच्या बोलण्यात राहिला असता, आणि तेथून तो आम्हीच पुसून काढला होता.

त्या दिवशीचे चित्रण त्या मुलाने प्रसिद्ध केले नाही. गुरूचा मान राखला. आम्ही मात्र त्याची भाषा एके काळी चारचौघांत राखली नव्हती.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा शाळेत आम्ही 'लीळाचरित्रा'विषयी सांगितले होते. मराठीतील हा आद्य गद्यग्रंथ आमच्याच शेजारच्या वऱ्हाडात, ऋद्धिपुरास, तेराव्या शतकात सिद्ध झाला. म्हाइंभटांनी तो कसा केला? चक्रधरस्वामींच्या सहवासातील माणसांकडे जाऊन, कोण काय बोलले, कोठे बोलले, हे विचारून आणि लिहून. मराठी गद्याचा पाया असा लोकांच्या तोंडचे बोलणे जपण्यात आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते; त्यांच्या मुलाने व आप्तांनी टिपून ठेवले म्हणून त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली. इतके सारे आम्ही वर्गात शिकवीत होतो, आणि त्याच वर्गात बोलावयास उठलेल्या मुलास खाली बसवीत होतो.

'ळ' आम्ही यापुढेही शिकवू. तो मुलांना आला पाहिजे; त्यावाचून ज्ञानोबा-तुकोबांचे आणि आजच्या पुस्तकांचे दार उघडत नाही. परंतु 'डोया' म्हणणाऱ्यास आम्ही प्रथम त्याचे सांगणे पुरे करू देऊ, आणि अक्षराचे नंतर पाहू.

वाचकहो, आपण इंदूरास असाल, बडोद्यास असाल, हैदराबादेस वा तंजावरास असाल; आपल्या प्रत्येकाच्या घरची मराठी त्या त्या मातीने वळलेली आहे. पुस्तकात ती सापडणार नाही. घरात वडीलधारे कोणी असेल तर या रविवारी त्यांच्यासमोर मोबाईल ठेवा आणि त्यांना बोलू द्या. मध्ये दुरुस्ती करू नका. आणि तेवढ्यावर थांबू नका. त्यांनी वापरलेले, आपल्या मुलांना न कळणारे चार शब्द, त्यांचा अर्थ आणि ते कोणत्या प्रसंगी वापरले, हे एका वहीत लिहून ठेवा. मोबाईल हरवतो, वही बहुधा सापडते. ज्यांना जमेल त्यांनी ते शब्द या मासिकाकडे पाठवावेत. आम्ही या पानावर ते आनंदाने देऊ.

आरंभ आमच्यापासून करतो. आमची आई जामसांवलीहून परतताना मागे वळून मारुतीस म्हणे, "येतो रे बावा, लेकरायकडं ध्यान ठेवजो." ते वाक्य आम्हांस त्या दिवशी पिंपळाखाली आठवले नाही. रात्री, हा लेख लिहिताना आठवले.